१२४० वरून १४०० : उन्हाळ्याच्या सुट्टीत एसएटीचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा : लेक अमेरिकेत शिकते, आता अकरावी संपेल. मार्चच्या एसएटीत (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा, एकूण गुण १६००) १२४० आले, इंग्रजीत ५९० आणि गणितात ६५०. ऑगस्टअखेर पुन्हा परीक्षा देणार आहे. मधे पाच आठवडे भारतात जायचं ठरलंय, तिकिटं काढून झालीत. एक क्लासवाले म्हणतात, दोनशे गुण हमखास वाढवू, पण उन्हाळाभर रोज एक पूर्ण पेपर सोडवावा लागेल, सुट्टी चालणार नाही. ट्रिप रद्द करावी का? १४०० होतील का?

ताई, तिकिटं रद्द करू नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण उत्तर लांबणार आहे आणि तोवर तुम्ही एअरलाइनला फोन लावून मोकळ्या व्हाल.

मी बरीच वर्षं मुलांची एसएटीची तयारी करून घेतो. त्यातले निम्मे उन्हाळे अशाच पालकांशी बोलण्यात गेले असतील. जूनमध्ये सगळ्यांना वाटतं की आता हातात अडीच महिने आहेत, रोज चार तास धरले तरी तीनशे तास झाले, मग गुण वाढणार नाहीत तर काय होईल? ऑगस्टमध्ये ते तीनशे तास कुठे गेले हे कुणालाच सांगता येत नाही. मुलगी खोलीत बसलेली होती एवढं सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

आधी १२४० चा अर्थ समजून घेऊ. हा आकडा वजनकाट्यासारखा नेमका नसतो. त्याच मुलीनं त्याच तयारीनिशी आठवड्यानं दुसरा पेपर दिला असता तर १२१० आले असते किंवा १२७० सुद्धा. ही परीक्षा घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, स्वतःच एकूण गुणांच्या दोन्ही बाजूंना साधारण चाळीसची जागा सोडतं. त्यामुळे कुणी 'पंधरा दिवसांत तीस गुण वाढले' असं सांगितलं तर हसून ऐकावं. तीस गुण नुसत्या हेलकाव्यानंही वाढतात, आणि तसेच कमीही होतात.

मग खरी वाढ किती होते? २०१७ साली कॉलेज बोर्ड आणि खान अकॅडमी (मोफत शिकवणारं संकेतस्थळ) यांनी सुमारे अडीच लाख विद्यार्थ्यांची आकडेवारी जाहीर केली होती. पीएसएटी (एसएटीआधीची तशीच सराव परीक्षा) आणि एसएटीच्या मधल्या काळात ज्यांनी खान अकॅडमीवर वीस तास मोफत सराव केला, त्यांचे गुण सरासरी ११५ नी वाढले. ही बातमी सगळ्यांनी वाचली. तिच्यातली दुसरी ओळ मात्र फारशी कुणी वाचली नाही : ही वाढ तो सराव न करणाऱ्यांच्या वाढीच्या जवळजवळ दुप्पट होती. म्हणजे साठेक गुण मुलं नुसती मोठी झाल्यानं, शाळेत पुढचं गणित शिकल्यानं वाढतातच. शिवाय जी मुलं आपणहून वीस तास बसतात ती मुळातच जरा वेगळी असतात. हे आकडे कागदावरच्या जुन्या परीक्षेचे आहेत, पण अंदाजासाठी पुरे आहेत. आणि वीस तास बघा! तीनशे नाहीत.

तुमच्या लेकीला १६० हवेत. मला ते शक्य वाटतं, हमखास वाटत नाही. 'हमखास' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. अशा हमीत बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की सुरुवातीचे गुण त्यांच्याच चाचणीतले धरायचे. ती पहिली चाचणी मुद्दाम अवघड ठेवली की निम्मं काम तिथेच होतं. ज्यांच्याकडे चौकशी कराल त्यांना हा एक प्रश्न जरूर विचारा : मार्चचे १२४० धरणार का तुमच्या चाचणीचे गुण?

आता परीक्षेकडे येतो, कारण तिची रचना कळल्याशिवाय उन्हाळ्याचं नियोजन करता येत नाही. अमेरिकेत मार्च २०२४ पासून एसएटी पूर्णपणे लॅपटॉपवर होते, ब्लूबुक नावाच्या ॲपमध्ये. एकूण दोन तास चौदा मिनिटं आणि अठ्ठ्याण्णव प्रश्न. वाचन-लेखनाचे चोपन्न, गणिताचे चव्वेचाळीस, आणि प्रत्येक विभागाचे दोन तुकडे, ज्यांना मॉड्यूल म्हणतात. पहिलं मॉड्यूल सगळ्यांना साधारण सारखंच येतं. त्यात कसं केलं यावर दुसरं सोपं येणार की अवघड, हे ठरतं. सोपं आलं तर ते सगळं बरोबर सोडवूनही वरचे गुण हाती लागत नाहीत, तिथे छत येतं. म्हणून पहिल्या मॉड्यूलमधल्या निष्काळजी चुका सगळ्यात महाग पडतात. साडेसहाशेच्या आसपास अडकलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो : शेवटचे दोन प्रश्न सोडवायच्या घाईत पहिल्या दहांतले दोन चुकवू नकोस. गणितात प्रश्न साधारण सोप्याकडून अवघडाकडे जातात. शेवटचा प्रश्न पहिल्यापेक्षा जास्त मोलाचा असेल या समजुतीनं मुलं शेवटाकडे धावतात आणि पहिल्या पानांवर पैसे सांडून येतात.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. जेईई-नीटच्या वातावरणात वाढलेल्या आईबाबांना हे पटायला वेळ लागतो, म्हणून सांगतो : एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही.

आता 'रोज एक पूर्ण पेपर' या सल्ल्याबद्दल. तो का चुकीचा आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक उन्हाळे याच खड्ड्यात जातात.

पूर्ण पेपर हे मोजमाप आहे. रोज ताप मोजल्यानं ताप उतरत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला. जून-जुलैत त्यानं जिथून मिळतील तिथून चौदा पेपर गोळा करून सोडवले होते. एका वहीत चौदा आकडे नीट मांडलेले : १२९०, १३२०, १३००, १३१० असे. मी म्हटलं, "चुकलेले प्रश्न दाखव." तो म्हणाला, "उत्तरं बघितली ना, कळलं मला." मी त्याला त्याच्याच चौथ्या पेपरमधले चुकलेले दहा प्रश्न पुन्हा दिले. सात पुन्हा चुकले, त्यातले पाच अगदी त्याच चुकीच्या पर्यायावर. बरोबर उत्तर वाचताना 'हो, हो, बरोबर' वाटणं आणि ते उत्तर स्वतः काढता येणं यांत किती अंतर आहे, हे त्या पोराच्या तोंडावर दिसलं.

यामागे अभ्यासही झालेला आहे. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हापुन्हा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा उलटं झालं, आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचल्यानं येतंय असं वाटतं, आणि ते वाटणंच घात करतं. स्पष्टीकरण वाचून पान उलटणं हे त्याच जातीचं.

शिवाय चांगले पेपर मोजकेच आहेत. ब्लूबुकमध्ये कॉलेज बोर्डाचे जे अधिकृत सराव पेपर आहेत, तेच खऱ्या परीक्षेसारखे वागतात, मॉड्यूल बदलण्यासकट. ते संपले की संपले. क्लासेसनी बनवलेले पेपर सरावाला चालतात, पण त्यांतल्या इंग्रजीच्या प्रश्नांत दोन पर्याय जवळजवळ बरोबर वाटतात आणि मुलं नको तो संशय शिकतात. म्हणून अधिकृत पेपर मी रेशनसारखे वापरतो. तुमच्या दहा आठवड्यांत चार, फार तर पाच. रोजच्या सरावासाठी कॉलेज बोर्डाचीच प्रश्नपेढी आहे, मोफत. तिच्यात विषय, कौशल्य आणि काठिण्य निवडून प्रश्न काढता येतात. तिथे एक छोटी सोय आहे, जी फार थोड्यांना माहीत असते : सराव पेपरमध्ये वापरलेले प्रश्न वगळायची खूण. ती आधी करा. नाहीतर पुढे पूर्ण पेपर देताना ओळखीचे प्रश्न भेटतात, गुण फुगतात आणि परीक्षेच्या दिवशी फुगा फुटतो.

मग करायचं काय? एक साधी दोनशे पानी वही घ्या. मी तिला चुकांची वही म्हणतो, मुलं तिला मागे काय म्हणतात ते मी विचारत नाही. पेपर झाला की प्रत्येक चुकलेला प्रश्न, आणि अंदाजानं बरोबर आलेला सुद्धा, तिच्यात येतो. लिहायचं काय? बरोबर उत्तर लिहायचं नाही. 'मी त्या वेळी काय विचार केला होता' हे एका वाक्यात लिहायचं. 'घाईत चुकलं' हे वाक्य माझ्याकडे चालत नाही. 'प्रश्नात सहा क्ष विचारलं होतं, मी क्ष काढून थांबले' हे चालतं. उदाहरण बघा : ३क्ष + ७ = २२ असेल तर ६क्ष किती? क्ष पाच येतो, पर्यायांत पाच ठेवलेलाच असतो, हात तिथे जातो. उत्तर तीस. या मुलीला बीजगणित येतं, तिला आणखी शंभर समीकरणं सोडवायला देऊन काहीच साधणार नाही. तिला फक्त एक सवय हवी आहे : उत्तर निवडण्याआधी प्रश्नाचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचायची.

दोन पेपरांच्या चुका अशा लिहून झाल्या की वही आपोआप बोलायला लागते. काही चुका खरोखर न आल्यामुळे असतात : वर्तुळाचं समीकरण कधी नीट शिकलेलंच नाही, अर्धविराम कुठे येतो ते ठाऊकच नाही. काही चुकीचं वाचल्यामुळे, काही वेळ संपल्यामुळे. तिन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि 'अजून अभ्यास कर' हा त्यांपैकी एकाही चुकीवरचा उपाय नाही. माझ्या अनुभवात बाराशेच्या आसपासच्या मुलांच्या बहुतेक चुका पाच-सहा जागांवरच गोळा झालेल्या असतात. उन्हाळा त्या पाच-सहा जागांसाठी आहे.

वहीतला प्रत्येक प्रश्न साधारण दहा दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचा. बरोबर आला तर बारीक टिक, महिन्याभरानं आणखी एकदा. चुकला तर तारीख टाकून पुन्हा रांगेत. हे कंटाळवाणं आहे. मुलांना नवा पेपर सोडवणं याहून कितीतरी आवडतं, कारण त्यात आकडा मिळतो.

आता तुमच्या लेकीच्या गुणांबद्दल. ५९० आणि ६५० असे आकडे असले की आपल्या घरांत चर्चा गणिताची सुरू होते. 'साडेसहाशेचे साडेसातशे कर, गणितात कसले गुण जातात?' आपण स्वतः गणितावर वर आलेलो असतो, त्यामुळे तो हात चालता असतो. पण स्वस्तात मिळणारे गुण बहुधा इंग्रजीत पडलेले असतात, आणि तेही व्याकरणात. चोपन्नपैकी ११ ते १५ प्रश्न निव्वळ विरामचिन्हं, कर्ता-क्रियापद, काळ, सर्वनाम असल्या नियमांवर असतात. हे नियम मूठभर आहेत, दोन आठवड्यांत पक्के होतात. अमेरिकेत जन्मलेली मुलं ते कानानं सोडवतात, 'बरोबर वाटतंय' म्हणून. कान सत्तर टक्के वेळा साथ देतो, उरलेल्या वेळी घात करतो, कारण प्रश्न काढणाऱ्यालाही तो कान माहीत आहे.

एक जागा तर आपल्याकडच्या मुलांसाठी खास. 'तो आला, मी निघालो' हे मराठीत झकास वाक्य आहे. दोन पूर्ण वाक्यं, मधे स्वल्पविराम, कुणाची तक्रार नाही. एसएटीच्या इंग्रजीत ही सरळ चूक आहे. दोन पूर्ण वाक्यांमधे पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, किंवा स्वल्पविरामासोबत जोडणारं अव्यय हवं. त्यातही 'हाउएव्हर' हा शब्द सगळ्यात फसवा. तो जोडणारा वाटतो, पण नुसत्या स्वल्पविरामासोबत दोन वाक्यं जोडायची ताकद त्याच्यात नाही. एवढी एक गोष्ट पक्की झाली तरी प्रत्येक पेपरात एक-दोन प्रश्न हाती येतात. मी मुलांना विरामचिन्हाची एकेक बाजू आळीपाळीनं झाकून विचारायला लावतो : ही बाजू एकटी उभी राहते का? आणि ती? दोन्ही 'हो' असतील तर नुसता स्वल्पविराम बाद.

उताऱ्यांची भीती काढून टाका. नव्या परीक्षेत लांबलचक उतारे नाहीत. पंचवीस ते दीडशे शब्दांचा तुकडा आणि त्याच्यावर एकच प्रश्न. गाळलेल्या जागी शब्द भरायचा असेल तेव्हा पर्याय हातानं झाकायचे, आपला शब्द आधी ठरवायचा, मग पर्यायांत त्याचा सख्खा शोधायचा. शब्द मराठीतला सुचला तरी चालतो. माझ्या एका विद्यार्थिनीला तिथे 'आडमुठा' सुचला होता आणि तिचं उत्तर बरोबर आलं! पुराव्याच्या प्रश्नांत, विशेषतः तक्ता किंवा आलेख असलेल्या, सापळा ठरलेला असतो : एक पर्याय आकड्यांनुसार अगदी खरा असतो, पण विचारलेल्या दाव्याशी त्याचा संबंध नसतो. खरं आहे का एवढंच बघणारी मुलं तिथे पडतात. टिपणांचे मुद्दे देऊन वाक्य निवडायला सांगतात, त्या शेवटच्या प्रश्नांत तर प्रश्न आधी वाचावा, मुद्दे नंतर, आणि बरेचदा वाचायची गरजही पडत नाही.

प्रश्नांचा क्रमही ठरलेला आहे. आधी शब्द आणि रचना, मग आशय आणि पुरावे, मग व्याकरण, मग जोडशब्द आणि टिपणं. बत्तीस मिनिटांत सत्तावीस प्रश्न, म्हणजे एकाला सत्तर सेकंद. ज्यांचा वेळ पुरत नाही त्यांना मी व्याकरणापासून सुरू करून शेवटापर्यंत जायला आणि मग मागे येऊन वाचनाचे प्रश्न घ्यायला सांगतो. सगळ्यांना हे मानवत नाही. दोन सराव पेपरांत करून बघावं, घोटाळा होत असेल तर सोडून द्यावं.

गणितात चव्वेचाळीसपैकी जवळपास सत्तर टक्के प्रश्न बीजगणिताचे आहेत, निम्मे रेषीय आणि निम्मे वर्गसमीकरणं, घातांकी फलनं वगैरे. भूमिती आणि त्रिकोणमिती मिळून पंधराच टक्के. आपले बाबालोक मात्र भूमितीची प्रमेयं घेऊन बसतात, कारण त्यांना ती आवडतात. डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर परीक्षेत स्क्रीनवरच असतो, सगळ्या प्रश्नांना चालतो. तो न शिकता जाणं म्हणजे घरात मिक्सर असताना पाट्यावर वाटण करणं. दोन समीकरणांचा छेदबिंदू, परवलयाचा शिरोबिंदू, समीकरणाला किती उकली आहेत हे तो क्षणात दाखवतो. तक्त्यातल्या बिंदूंवरून रेषेचं समीकरणही काढून देतो. त्यासाठी तीन-चार संध्याकाळी पुरतात. पण सावधपणे : रेषेचा उतार तोंडी काढता येत असताना टायपिंग करत बसणारीही मुलं मी बघतो. वहीत अशा प्रश्नांपुढे 'डे' असं लिहायचं, म्हणजे कुठे तो वेळ वाचवतो आणि कुठे खातो ते कळतं.

आता दहा आठवडे. शाळा सुटल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी साडेआठला एक अधिकृत पेपर, खऱ्या परीक्षेसारखा : मोबाइल दुसऱ्या खोलीत, दोन विभागांमधे दहाच मिनिटांची सुट्टी. मार्चमध्ये काय चुकलं ते तुम्हाला प्रश्नानुसार बघायला मिळालेलं नाही, म्हणून हा पेपर हवाच. त्यानंतरचे तीन-चार दिवस नवीन काही नाही, फक्त वही. मग निघेपर्यंत इंग्रजीचे व्याकरणनियम आणि गणितातल्या सगळ्यात दुखऱ्या दोन जागा, रोज दीड तास. निघायच्या आधी दुसरा पेपर.

भारतातले पाच आठवडे. तिथे रोज चार तास होतील असं गृहीत धरलंत तर दुसऱ्या आठवड्यापासून घरात भांडणं होतील. पंचेचाळीस मिनिटं ठरवा, आठवड्यातून पाच दिवस, सकाळी, पाहुणे यायच्या आत. पहिला आठवडाभर जेटलॅगमुळे ती पहाटे चारला टक्क जागी असेलच. ती वेळ सोन्यासारखी आहे, घर झोपलेलं असतं आणि कुणी 'किती वाळलीस गं' म्हणायला येत नाही. या पाच आठवड्यांत पूर्ण पेपर नको. प्रश्नपेढीतले वीस प्रश्न किंवा वहीतले जुने दहा, एवढंच. आणि एक : जे नियम जूनमध्ये शिकली ते थोडे विसरू द्या. विसरायला लागलेलं पुन्हा आठवून काढावं लागतं तेव्हा ते जास्त घट्ट बसतं. सलग बसून एकदाच घोटण्यापेक्षा अंतरा-अंतरानं केलेला सराव टिकतो, ही मानसशास्त्रातली शंभराहून अधिक वर्षं पुन्हापुन्हा दिसलेली गोष्ट आहे. १८८५ साली एबिंगहाउसनं स्वतःवरच निरर्थक अक्षरगट पाठ करायचे प्रयोग करून ती मांडली होती. तुमची भारतवारी त्या अर्थानं अभ्यासाच्या आड येत नाही.

परतल्यावर पहिले चार-पाच दिवस पेपर नको, झोप बिघडलेली असते आणि उगाच आकडा पडतो. मग तिसरा पेपर. त्याच्यावर वही. ऑगस्टच्या मधल्या आठवड्यांत रोज दोन तास, त्याहून जास्त नको. परीक्षेच्या साधारण आठ दिवस आधी चौथा पेपर, आणि त्यानंतर फक्त वहीतले प्रश्न. परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा प्रश्न हातात घेतलेल्या मुलांची अवस्था मी बघितली आहे. लॅपटॉप चार्ज, ब्लूबुकमधली परीक्षेची तयारी पूर्ण, ओळखपत्र बाहेर काढून ठेवलेलं, आणि लवकर झोप.

वेळेचा आणखी एक हिशेब आहे. कॉमन ॲपचं (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायची ऑनलाइन सोय) नवं वर्ष एक ऑगस्टला उघडतं आणि निबंध डोक्यावर बसतात. अर्ली, म्हणजे नेहमीच्या मुदतीआधी करायच्या, अर्जांच्या बऱ्याच मुदती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. म्हणजे ऑगस्टची परीक्षा आणि गरज पडली तर ऑक्टोबरची, एवढ्या दोन संधी आरामात बसतात. ऑगस्टची जागा आजच बुक करा. काही भागांत, कॅलिफोर्नियात तर नक्कीच, जवळची केंद्रं लवकर भरतात आणि मग पहाटे तीन तास गाडी चालवावी लागते. जास्तीचा वेळ किंवा तशी काही सवलत हवी असेल तर मंजुरीला सात आठवडे लागू शकतात, तेही आत्ताच बघावं लागेल.

अनेक कॉलेजं वेगवेगळ्या तारखांमधले दोन्ही विभागांचे सर्वोत्तम गुण एकत्र धरतात. तुमच्या लेकीच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. ऑगस्टमध्ये इंग्रजी ६८० झालं आणि गणित ६६० वरच राहिलं, तर ऑक्टोबरपर्यंत इंग्रजी बाजूला ठेवून फक्त गणित करता येतं. म्हणून ऑगस्टपर्यंत ६०-४० असा वेळ इंग्रजीला जास्त द्या.

आणि ज्या कॉलेजांत अर्ज करायचा आहे त्यांची यादी आधी समोर ठेवा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेश देताना एसएटी बघतच नाही. यादीत फक्त यूसीच असतील तर हा उन्हाळा निबंधांना द्या, माझं उत्तर इथेच थांबवा. उलट एमआयटीनं २०२२ मध्ये परीक्षा पुन्हा सक्तीची केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेक यांनीही केली. जॉर्जिया टेकसारख्या काही सरकारी विद्यापीठांनाही गुण लागतात. जिथे ऐच्छिक आहे तिथे त्या कॉलेजच्या मधल्या पन्नास टक्के मुलांचे गुण बघायचे. आपण त्या पट्ट्यात असलो तर पाठवायचे.

क्लास लावावा का? मुलगी एकटी वही घेऊन बसत असेल तर गरज नाही, खान अकॅडमी आणि प्रश्नपेढी मोफत आहेत. बसत नसेल तर आठवड्यातून एकदा तासभर कुणीतरी समोर बसून वही बघणारं हवं. ते काम मोठा भाऊ, शेजारची कॉलेजातली मुलगी, कुणीही करू शकतं. बघणाऱ्यानं फक्त विचारत राहायचं, 'तेव्हा तुला काय वाटलं होतं?' हे काम आईनं शक्यतो करू नये. तुम्ही विचारलंत की तो प्रश्न राहत नाही, उलटतपासणी होते. माझ्या स्वतःच्या मुलाची वही मी शेजाऱ्यांकडे पाठवत होतो.

या शनिवारी किंवा शाळा सुटल्यावरच्या पहिल्या शनिवारी तो पहिला पेपर होऊ द्या. वहीतल्या चुका तीन ढिगांत मोजा : आलंच नाही, चुकीचं वाचलं, वेळ गेला. ते तीन आकडे मला कळवा, एकूण गुण नाही कळवलेत तरी चालेल. निघायच्या आधी कोणत्या दोन जागा घ्यायच्या ते त्यावरून सांगतो.